दोन पिक्चर बाहेर आहेत

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं की मी एकच नाव सांगतो... शेवंताआक्का. आईवडील आहेतच, पण त्यांच्या करण्याला उपकार म्हणायचं नसतं. मेंढरांमागे सहा-सहा महिने मुलूख फिरणाऱ्या माणसाचा मुलगा आज साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, आणि त्यामागे विट्याच्या एका गल्लीत व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणारी, सातवीपर्यंत शिकलेली एक बाई आहे, हे मी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सांगत आलो आहे. ऐकणाऱ्यांना ते गमतीचं वाटतं. दसऱ्याला आठ दिवस राहिले असताना मी ग्रंथालयात नव्या पुस्तकांवर शिक्के मारत बसलो होतो, तेव्हा फोन आला. आक्कांच्या शेजारी झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या रंजनावहिनी बोलत होत्या. "म्हसवडकर, आक्का न्हाईत ओ आता आपल्यात," त्या म्हणाल्या. "सकाळी दुकानातच. खुर्चीत बसल्यावानी बसलेल्या. मांडीवर लेबलं हुती, बोटाला डिंक तसाच..." यावर मी जे विचारलं ते आज मलाच विचित्र वाटतं. मी विचारलं, "कुठली लेबलं, वहिनी? त्यावर काय लिहिलं होतं?"  "ते काय मी बघितलं न्हाई बया," म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

पण तो प्रश्न मला पडला, त्याला कारण होतं. गेलं दीड वर्ष आक्का आणि मी दुसरं काही बोलतच नव्हतो. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर हवा तो पिक्चर येतो त्या काळात, आक्कांनी विट्यात पुन्हा पिक्चर भाड्याने देण्याचं दुकान काढायचं ठरवलं होतं. दसऱ्याला ते उघडायचं होतं.

आक्कांची माझी पहिली भेट झाली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. म्हसवडच्या पुढच्या एका वाडीतून विट्याला बी. ए. करायला आलो होतो आणि एका खोलीत पाच जण राहत होतो. विटा हे गलाईवाल्यांचं गाव. इथले पुरुष देशभर सोनं-चांदी गाळायची दुकानं टाकून राहतात आणि दसऱ्याला, जत्रेला, लग्नकार्याला गावी येतात. आक्कांचे मालकही तमिळनाडूत इरोडला गलाईचं काम करत. त्यांनीच एका दसऱ्याला येताना तिकडून व्हीसीआर आणला आणि आक्कांनी घराच्या पुढच्या गाळ्यात व्हिडिओ लायब्ररी सुरू केली. माणसं गावी आली की हातगाडीवर रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर घरोघर जायचा. एरवी गल्लीतल्या बायका, म्हातारी माणसं आणि आमच्यासारखी कॉलेजची पोरं कॅसेट न्यायची.

त्या दुकानात दोन गोष्टी इतर कुठे नसलेल्या होत्या. एक म्हणजे, तिथे पिक्चरचं नाव कुणी घेत नसे. "आक्का, तो द्या की ओ, ज्यात सासू शेवटाला पायरीवर बसती," असं कुणीतरी म्हणायचं आणि आक्कांचा हात मान न वळवता मागच्या फळीवरच्या बरोबर त्याच कॅसेटवर जायचा. दुसरी म्हणजे, कॅसेट परत द्यायला ज्याने नेली त्यानेच यावं लागे, आणि परत घेताना आक्का विचारत, "काय दिसलं?"

मला हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी उत्साहाने गोष्ट सांगायला लागलो. दोन भाऊ असतात, मग वाटणी होते...

"गोष्ट मला म्हाईत हाय," आक्का म्हणाल्या. "तुला काय दिसलं?"

मी फळीवरच्या कॅसेटींकडे बघायला लागलो.

"कुठला रं तू?"

"म्हसवडकडचा."

"मग म्हसवडकर, तू पिक्चर बघितलाच न्हाईस. ने, परत बघ." आणि कॅसेट पुन्हा माझ्या हातात दिली. खोलीवरच्या पोरांनी माझी लय टिंगल केली. ही बाई नापास करती गड्या, कॉलेजात ऱ्हायलं ते हितं! पण मी दुसऱ्यांदा बघितला. या वेळी गोष्ट माहीत असल्यामुळे नजर इकडेतिकडे फिरायला मोकळी होती. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन म्हणालो, "त्यातली आई रडत असती, तवा ती चुलीतलं लाकूड मागं वडती. भाकरी करपू नये म्हणून."

आक्कांनी कॅसेट घेतली. तिच्यावरून पदर फिरवून धूळ पुसली, जी नव्हतीच, आणि फळीवर ठेवताना म्हणाल्या, "आत्ता बघितलास."

मला वाटतं, माझं शिक्षण खऱ्या अर्थाने त्या दिवशी सुरू झालं. पहिल्या वर्षी मी इंग्रजीत नापास झालो होतो. आमच्या घरात त्याआधी कुणी पुस्तक हातात धरलेलं नव्हतं, त्यामुळे पुस्तकात नेमकं काय शोधायचं असतं हेच मला कळत नसे. आक्कांना मी तसं बोललो, तर त्या म्हणाल्या, "धड्यातबी काय दिसलं तेवढंच लिही की. समदं कशाला लिवतोस?" मी तसं लिहायला लागलो आणि पास व्हायला लागलो.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी वडिलांचा निरोप आला, की आता बास. दोन वर्षं कमी पावसाची गेली होती, मेंढरं निम्मी झाली होती. माझ्या ओळखीचे एक गलाईवाले मला इरोडला न्यायला तयार होते. आक्कांचा मुलगा दत्ता तिकडेच, वडिलांच्या हाताखाली, त्याच आठवड्यात गेला होता. मी आक्कांना सांगायला आणि माझ्याकडची शेवटची कॅसेट परत द्यायला गेलो. त्यांनी ती घेतली, आणि मला थांबायला सांगून पाठमोऱ्या झाल्या. काहीतरी लिहिलं आणि दुसरी एक कॅसेट माझ्यापुढे ठेवली.

"ही ने."

"आवं आक्का, मी परवा चाललो की. परत कवा देऊ?"

"पदवीचा कागद घेऊन ये. तवा घेते परत."

एवढंच. शिकण्याचं महत्त्व, गरिबीतून वर येणं, असलं एक वाक्य त्या बोलल्या नाहीत. मी कॅसेट घेऊन खोलीवर आलो. तिच्या लेबलावर पिक्चरचं नाव नव्हतं. 'म्हसवडकर' असं लिहिलेलं होतं, माझ्या नावाने बाजूला काढल्यासारखं. ती हातात घेऊन मी बराच वेळ बसलो, आणि मला एक साधी अडचण कळली. दुसऱ्याची वस्तू घेऊन गाव सोडता येत नाही. पुढचं वर्ष मी एका किराणा दुकानात माल मोजून देत शिकलो.

पदवीचा कागद मिळाला तेव्हा मी पळत आक्कांकडे गेलो, तर दुकानाला कुलूप होतं. मालकांची छाती गलाईच्या धुराने गेली होती आणि आक्का इरोडला होत्या. चार महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा मालक नव्हते आणि विट्यात घरोघर केबल आली होती. पुढे सीडी आल्या, मग तेही गेलं. आक्कांनी त्या गाळ्यात पिको-फॉलचं मशीन टाकलं आणि वीस वर्षं साड्यांच्या कडा शिवल्या. मी एकदा कॅसेटचा विषय काढला होता. "आता दुकानच न्हाई, परत कशात घिऊ?" म्हणाल्या. "ऱ्हाऊदे तुझ्याकडं." मी ती कॅसेट जपून ठेवली. नोकरी लागली, साताऱ्याला घर झालं, ती प्रत्येक घरात माझ्या कपाटात, प्रमाणपत्रांच्या फायलीवर असायची. मी ती कधीच बघितली नाही. सुरुवातीला माझ्याकडे व्हीसीआर नव्हता, नंतर कुणाकडेच नव्हता. आणि खरं सांगायचं तर ती बघायची वस्तू आहे हे मी विसरूनच गेलो होतो. बायको दसऱ्याला पुस्तकांची पूजा करायची, तेव्हा त्या कॅसेटलाही फूल वाहायची.

दीड वर्षापूर्वी आक्कांचा फोन आला. "दुकान काढायचं म्हंते," त्या म्हणाल्या. "पिक्चरचं."

मला वाटलं, वय झालं. मी हळूच म्हणालो, "आवं आक्का, आता कोण पिक्चर भाड्यानं नेतंय? ज्याच्या-त्याच्या खिशात हाय की."

"म्हणून तर. खिशातला पिक्चर परत द्यायला लागतो का कुणाला?"

"न्हाई."

"मग माणूस कशाला यील?"

 ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी ज्या धंद्यात आहे त्याचा निम्मा भाग पुस्तक देण्याचा आणि निम्मा परत घेण्याचा आहे, आणि परत घेण्याकडे मी आजवर फक्त कटकट म्हणून बघत आलो होतो. पुढच्या रविवारी मी विट्याला गेलो.

आक्कांची तयारी बघून मी चाट पडलो. पिको-फॉलचं मशीन कोपऱ्यात गेलं होतं. गावात ज्यांच्या माळ्यावर जुने डीव्हीडी प्लेअर पडून होते ते मागून आणून, एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून त्यांनी त्यातले तीन चालू करून घेतले होते, कारण तबकडी नेणाऱ्याकडे ती लावायला काही नसणार. बंद पडलेल्या दुकानांतून, मुंबईला गेलेल्या पाहुण्यांकडून अस्सल तबकड्या जमवल्या होत्या. नक्कल केलेली एकही ठेवायची नाही, हे पक्कं होतं. भाड्याने द्यायला परवानगी लागते हे कळल्यावर त्यांनी वेष्टनावरच्या पत्त्यांवर निर्मात्यांना पोस्टकार्डं टाकली होती. दोघांची उत्तरं आली होती, आणि ज्यांची आली तेवढेच पिक्चर द्यायचे, बाकीचे वाट बघत बसतील, असा त्यांचा हिशेब होता. मी त्यांना शंभर प्रश्न विचारले. वीज गेली तर? कुणी ओरखडा पाडला तर? एकाच वेळी दोघांना एकच हवा असला तर? "मग दोघांनी एका घरात बसून बघायचा," आक्का म्हणाल्या. "त्यात काय इचारायचं?"

माझी मोठी चूक त्यानंतर वर्षभराने झाली. आक्का हृदयाच्या तपासणीसाठी मिरजेला गेल्या होत्या. किल्ली कुठे असते ते मला माहीत होतं. त्यांना आनंद वाटावा म्हणून मी अख्खा दिवस खपून सगळ्या तबकड्या नावांच्या अकारविल्हे लावल्या, पाठीवर क्रमांक चिकटवले, ग्रंथालयात लावतो तशी एक यादी भिंतीवर लावली. संध्याकाळी आक्का आल्या. दारातच उभ्या राहिल्या. एका फळीवरून दुसरीकडे बघत राहिल्या.

"म्हसवडकर, माझं दुकान कुठं गेलं रं?"

"आवं हे बघा, 'अ' पासून..."

"त्यो बाप कुठाय? जो लेकाच्या सायकलीला तेल घालतो आन बोलत मातूर न्हाई?"

"नाव काय पिक्चरचं?"

"मला काय म्हाईत? ह्या फळीवर डाव्या हाताला हुता!"

आम्ही दोघांनी मिळून तो शोधला, तेव्हा दिवेलागण झाली होती. रंजनावहिनी दारात उभ्या राहून पोट धरून हसत होत्या. "सायेब, तुमी पुस्तकंच लावा," म्हणाल्या. नंतरचे दोन रविवार मी माझे क्रमांक ओल्या फडक्याने पुसत होतो आणि आक्का सांगतील तसे कप्पे लावत होतो. प्रत्येक कप्प्याला आक्कांच्या अक्षरात लेबल. 'बाप कमी बोलतो असे.' 'स्वयंपाक होताना दिसतो असे.' 'कुणीतरी परत येतं असे.' 'शेवट पटला नाही असे.' सगळ्यात खाली एक रिकामा कप्पा होता, त्यावर 'अजून कळलं नाही असे.' वर्गीकरणाची परीक्षा मी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालो आहे. पण वाचणारा काय शोधत येतो त्यावरून पुस्तक ठेवायचं, ही गोष्ट मला कुठल्या अभ्यासक्रमात भेटली नव्हती.

याच सुमाराला दत्ता इरोडहून आला. डॉक्टरांनी त्याला फोन करून आक्कांच्या हृदयाचं सांगितलं होतं. तो वाईट मुलगा मुळीच नव्हे. त्याने सांगितलं, आई, आता एकटी राहू नकोस, गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला देऊ आणि तू तिकडे चल. आक्कांना विटा सोडायचं नव्हतं. पण लेकाच्या काळजीला नुसतं 'न्हाई' म्हणणंही त्यांना जमेना. मी तिथेच होतो. त्या दत्ताला म्हणाल्या, "आसं करू. दसऱ्यापातूर दहा पिक्चर भाईर गेलं आन नेणाऱ्याच्या पायानं परत आलं, तर मी हितंच. न्हाई आलं तर मुकाट तुझ्यासंगं गाडीत बसते."

"आये, ह्या गावात दहा माणसं तबकडी घेऊन परत येतील?" दत्ता हसला. "चालंल. दहा." त्याला वाटलं, सुटलो.

झालं. सगळा प्रश्न दहावर आला. मुहूर्त दसऱ्याचाच ठेवून आक्कांनी गल्लीतल्यांना आधीच पिक्चर द्यायला सुरुवात केली आणि पोस्टकार्डाएवढी कार्डं कापून घेतली. प्लेअर आणि तबकडी चार दिवसांसाठी घरी न्यायची, परत येताना 'काय दिसलं' ते कार्डावर लिहायचं, नाहीतर सांगायचं आणि आक्का लिहून घेणार. ती कार्डं माझ्यासमोर आहेत. गल्लीतला न्हावी परत आला तेव्हा भांडायच्याच बेतात होता. त्याचं कार्ड असं आहे : 'हिरोने दाढी करताना पहिला वस्तरा उलटा मारला. असं कुणी करत न्हाई. म्हंजे त्याचं ध्यान दुसरीकडं हाय.' ऐंशी पार केलेल्या एका आजीने सांगितलेलं : 'ती बाई दार लावती पर कडी लावत न्हाई. कुणाचीतरी वाट हाय तिला.' निवृत्त झालेल्या एका फौजीने एकच ओळ लिहिली आहे : 'तार आल्यावर बापाने आधी बैलाला पाणी दाखवलं, मग तार वाचायला दिली.' ही माणसं कार्ड देऊन लगेच जात नसत. एकजण बसला की दुसरा यायचा, आणि न बघितलेल्या पिक्चरवर तिसराच मत द्यायचा. आक्का मला फोनवर आकडा सांगत. चार झाली. सहा झाली. दोघांनी तबकड्या शेजाऱ्याच्या हाती पाठवल्या, त्या आक्कांनी मोजल्या नाहीत. श्रावण संपता संपता नऊ झाली आणि तिथे अडलं.

"एक तुझ्याकडं हाय की रं," एक दिवस आक्का म्हणाल्या. "लय दिवसाचा."

मला एकदम कॅसेट आठवली. आमच्याकडे तपासणी समिती यायची होती, सुट्टी मिळणं शक्य नव्हतं, म्हणून मी तीच चूक केली जी माझ्यासारखा घाईतला नोकरदार माणूस करतो. कॅसेट छान गुंडाळली आणि कुरिअर केली. तिसऱ्या दिवशी आक्कांचा फोन. "कुरिअरवाला आलाता. तू कवा येतोस? आन काय दिसलं ते?" मी समितीचं कारण सांगितलं. आक्का म्हणाल्या, "बरं. पायानं न्हाई तर हातानं. बघ, आन लिव्ह. कार्ड पुरायचं न्हाई तुला, पत्रच लिव्ह." आणि कॅसेट सातारा गाडीच्या कंडक्टरकडे देऊन परत पाठवली. स्टँडवर ती घेताना मला पुन्हा एकोणीस वर्षांचा झाल्यासारखं वाटलं. ने, परत बघ.

पण बघायची कशावर? साताऱ्यात मी आठ दिवस व्हीसीआर शोधत होतो. शेवटी लग्नाचे फोटो काढणारा एकजण सापडला, जो लोकांच्या जुन्या लग्नाच्या कॅसेट पेनड्राइव्हवर करून देतो. त्याने कॅसेट उघडून फितीवरची बुरशी कापसाने पुसली. दुपारची वेळ होती, दुकानात आम्ही दोघेच. माझी उत्सुकता इतकी होती की मी खुर्ची अगदी टीव्हीला लावून बसलो. इतक्या वर्षांपूर्वी आक्कांनी फळीवरचे सगळे पिक्चर सोडून माझ्यासाठी कुठला काढला असेल? ज्यात गरीब मुलगा शिकतो असा? की ज्यात कुणी गाव सोडून जातो?

पडद्यावर काळे-पांढरे ठिपके आले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. फोटोवाल्याने फीत पुढे पळवली, मागे आणली.

"सर, कोरी हाय ही," तो म्हणाला. "हिच्यावर कवाच काय भरलेलं न्हाई."

मी त्याला ती पहिल्यापासून शेवटपर्यंत लावायला सांगितली. तो माझ्याकडे बघत राहिला, पण त्याने लावली.

घरी येऊन मी पत्र लिहिलं आणि कॅसेटसोबत विटा गाडीच्या कंडक्टरकडे दिलं. दुसऱ्या दिवशी आक्कांचा फोन आला.  म्हणाल्या, "म्हसवडकर, मला वाटलं तू कवाच बघितली आसशील, आन मनात हसला आसशील मला. इतकी वर्सं कोऱ्या कॅसेटची पूजा केलीस व्हय रं?" आणि इतक्या हसल्या, की मागून रंजनावहिनी "आवं आक्का, दम लागंल," म्हणत होत्या. मग आवाज बदलून त्या म्हणाल्या, "दहा झाली. दत्ताला सांगितलं, मी काय येत न्हाई. दसऱ्याला ये. तुला दुसरा काढून ठिवते."

तेच आमचं शेवटचं बोलणं. त्यानंतर पाचव्या दिवशी वहिनींचा फोन आला.

दिवस झाल्यावर, दसऱ्याच्या पालख्यांच्या शर्यतीसाठी आलेले गलाईवाले परत निघाले तेव्हा, दत्ताने मला विट्याला बोलावलं. गाळा आक्कांनी सोडला तसाच होता. टेबलावर लेबलांचा गठ्ठा ठेवलेला होता, वहिनींनी मांडीवरून उचलून ठेवला तसाच. सगळी लेबलं कोरी होती. फक्त एक लिहून झालं होतं आणि एका तबकडीच्या डबीवर अर्धं चिकटलेलं होतं. 'म्हसवडकर.' माझी जुनी कॅसेट सगळ्यात खालच्या, 'अजून कळलं नाही असे' या कप्प्यात एकटीच उभी होती.

दत्ता दहाही कार्डं वाचत बसला होता. दहावं कार्ड म्हणजे माझं पत्र. ते त्याने दोनदा वाचलं. त्यात एका डब्याचा उल्लेख आहे, तो पुढे येईलच. त्या ओळीवर बोट ठेवून तो म्हणाला, "त्यो डबा मी इसरलो न्हवतो ओ. मुद्दाम ठिवून गेलतो. माघारी यायला कायतरी कारण नको व्हय?... मग बापाची तब्येत बिघडली आन यायचंच ऱ्हायलं." मग उठून फळ्यांपुढे उभा राहिला. 'बाप कमी बोलतो असे' या कप्प्यातून त्याने एक तबकडी काढली.

"ह्यो नेऊ का?"

"न्या की. तुमचंच दुकान आहे."

"माझं कुठलं. परत कुणाकडं द्यायचा?"

मी म्हणालो, "ते माहीत नाही. पण ज्यानं नेला त्यानंच यायचं, एवढं माहीत आहे."

दत्ताने मान हलवली. मोबाइलच्या कव्हरवाल्याला त्याने तिथूनच फोन लावला आणि सांगितलं, की गाळा इतक्यात द्यायचा नाही, आतलं एक सामान बाहेर गेलंय, ते परत येईपर्यंत काही हलवायचं नाही. किल्ली वहिनींकडे दिली. तबकडी कपड्यांच्या बॅगेत, मधोमध ठेवली. मीही माझ्या नावाची तबकडी घेतली. दुकान उघडेल का, कोण उघडेल, रविवारपुरतं का होईना मला जमेल का, मला अजून माहीत नाही. पण दोन पिक्चर बाहेर आहेत. माझ्या वाट्याचा भरलेला आहे की हाही कोरा, ते मी अजून बघितलेलं नाही. या वेळी त्याला फूल वाहणार नाही. फोटोवाल्याकडे नव्हे, आक्कांच्याच तीनपैकी एका प्लेअरवर, येत्या रविवारी बघणार आहे.

मी आक्कांना पाठवलेलं पत्र, दत्ताला विचारून, खाली देतो आहे.

*

ती. आक्कांना साष्टांग नमस्कार.

कॅसेट परत पाठवतो आहे. पूर्ण बघितली. कोरी आहे. तुम्ही म्हणाल, मग काय दिसलं? लिहितो.

ठिपके बघत बसलो होतो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तुम्ही मला दरवेळी विचारलंत आणि मी दरवेळी पिक्चरमधलं सांगितलं. दुकानातलं कधी सांगितलं नाही. मी इरोडला जायचं म्हणून सांगायला आलो त्या दिवशीचं सांगतो.

त्या दिवशी तुम्ही कॅसेट फळीवरून काढली नाही, टेबलाच्या खणातून काढली. तिच्यावरून पदर फिरवला नाही. टेबलावर एक स्टीलचा डबा होता, वरून सुतळीने बांधलेला. त्यात शेंगदाण्याची चटणी असणार, तेल बाहेर आलं होतं. दत्ता आदल्या दिवशी गेला होता, म्हणजे तो डबा त्याचा राहिलेला. मी आत आलो तेव्हा तुम्ही सुतळीची गाठ सोडत होता. मी "इरोडला चाललो" म्हणालो, तशी तुम्ही ती गाठ परत घट्ट बांधली. डबा बाजूला सरकवलात. मग खण उघडलात.

तो डबा मला तेव्हाही दिसला होता, आक्का. पण मी तो बघितला फोटोवाल्याच्या दुकानात. तुम्हाला तो डबा माझ्याबरोबर पाठवता आला असता. मी त्याच गावाला निघालो होतो. लेकाला आईच्या हातची चटणी पोचली असती. तुम्ही तो माझ्या हातात दिला नाही, कॅसेट दिलीत.

एवढं दिसलं. चुकलं असेल तर सांगा, पुन्हा बघेन.

पदवीचा कागद दाखवायचा राहिला होता. त्याची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

पिक्चर परत करतो आहे. दुसरा द्याल का?

आपला,
म्हसवडकर